विशेषणाचं शेपूट

मला इंग्रजी कुणी शिकवलं नाही. शाळेत होतं म्हणायला, पण आमच्या गावात इंग्रजीचा तास म्हणजे मास्तर फळ्यावर लिहिणार आणि आम्ही उतरवून घेणार. लग्न होऊन दिल्लीला आले तेव्हा स्वतःचं नाव सांगण्यापलीकडे काही येत नव्हतं. सरकारी क्वार्टर मिळालं होतं आणि शेजारी तमिळ कुटुंब. त्या बाईंना हिंदीचा तिटकारा आणि मला हिंदी धड येत नव्हतं. तेव्हा दोघींना मध्ये कुठे भेटायचं असेल तर ते इंग्रजीतच. भाजी शिजली, मूल आजारी आहे, पाणी गेलं, असं आमचं चाले.

मग आमच्या ह्यांनी दर्यागंजच्या फुटपाथवरून एक व्याकरणाचं जुनं पुस्तक आणून दिलं. त्याची पुढची पानंच नव्हती. त्यामुळे माझं इंग्रजी एकदम विशेषणांपासून सुरू होतं. नामं आणि सर्वनामं मी कधी शिकलेच नाही, अशीच वापरते.

त्या पुस्तकात मला पहिल्यांदा कळलं की इंग्रजीत विशेषण एकटं हिंडत नाही. आपल्या मराठीत बघा, ला, ने, वर, शी ही मंडळी नामाला घट्ट चिकटून येतात. कुत्र्याला घाबरते, नवऱ्यावर रागावते, अमक्याशी लग्न झालं. इंग्रजीत ती सुटी होतात, आणि कुणी कुठे उभं राहायचं ते विशेषण ठरवतं. अफ्रेड आलं की मागे ऑफ. मॅरीड आलं की टू. आपण लग्न नवऱ्या'शी' करतो म्हणून विथ लावायला जातो, ते चालत नाही. का चालत नाही? मी पुष्कळ जणांना विचारलं. कुणी सांगितलं नाही. शेवटी मीच ठरवलं, हे विशेषणाचं शेपूट आहे. गाईचं चित्र काढताना आपण शेपूट वेगळं आठवत बसतो का? नाही ना? तसं दोन्ही एका श्वासात म्हणायचं. अफ्रेडऑफ, फॉन्डऑफ, गुडॅट. कणीक तिंबताना म्हणायचं, कपडे वाळत घालताना म्हणायचं. मी अशीच शिकले आणि त्याचा मला थोडा तोराही होता, खोटं कशाला बोलू.

दिल्लीत तसं ह्यावाचून कुणाचं अडत नाही. मेट्रोत पोरी फोनवर बिनधास्त म्हणतात, "शी इज सो अँग्री ऑन मी यार!" विथ नाही आणि काही नाही, तरी त्यांच्या नोकऱ्या चालू, लग्नं चालू, सगळं बिल्कुल ठीक. अडतं ते एखाद्याचंच.

जिचं अडलं ती पोरगी आमच्याकडे राहायची. परभणीकडची. पहाडगंजला मराठी मंडळींच्या गणपतीत आरतीनंतर भेटली होती. प्रसादाची वाटी हातात घेऊन कोपऱ्यात उभी होती, आणि बारीक इतकी की मीच जाऊन विचारलं, "कुठे राहतेस गं? जेवतेस का?" केंद्राच्या मोठ्या परीक्षेची तयारी करत होती. क्लासेसच्या गल्लीत एका खोलीत राहायची आणि त्या खोलीला खिडकी नव्हती. आमचा मुलगा बंगळूरला, त्याची खोली द्वारकेच्या ह्या फ्लॅटमध्ये नुसती बंद. मी ह्यांना न विचारताच तिला म्हटलं, "चल आमच्याकडे." घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मान्यता घेतल्यानंतर कार्यवाही करायची असते. तू कार्यवाही करून मान्यता मागतेस." हे जन्मभर केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. असंच बोलतात.

त्या परीक्षेचं थोडं सांगायला हवं. आधी एक चाळणी परीक्षा असते. ती पार झाली की मुख्य परीक्षेचे लेखी पेपर, आणि मग मुलाखत. किती वेळा बसायचं याला मर्यादा आहे. पोरगी दरवर्षी चाळणीतच अडकायची. आमच्याकडे आली त्या वर्षी पहिल्यांदा चाळणीतून निघाली, आणि तीच तिची शेवटची वेळ होती. म्हणजे मुख्य परीक्षा ती पहिल्यांदाच देणार होती आणि शेवटचीही.

त्या लेखी पेपरांत एक विषय आपण निवडायचा असतो, तिने मराठी साहित्य घेतलं होतं, आणि एक पेपर असतो इंग्रजीचा. त्याचे मार्क कुठे धरत नाहीत. त्यात फक्त पास व्हायचं, शंभरातले पंचवीस मिळाले की पुरे. पण ते नाही मिळाले तर बाकीचे पेपर विचारातच घेत नाहीत. कितीही छान लिहिलेले असोत. तिच्याबरोबरची मराठी माध्यमातली सगळी मुलं त्या पेपराला 'फक्त क्वालिफाइंग' म्हणतात. तो 'फक्त' मी इतक्यांच्या तोंडून ऐकलाय! आणि फक्त आहे म्हणून सगळ्यात शेवटी ठेवतात.

हिनेही ठेवला होता. पेपर अगदी जवळ आल्यावर एक दिवस जुना इंग्रजीचा पेपर सोडवून बघितला आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काकू, तुम्हाला प्रीपोझिशन येतात ना?"

"येतात की. का गं?"

"मला एकही येत नाही." आणि हसली. मग रडली. मग परत हसली. "कलेक्टर व्हायला निघालेय आणि भीती कशाची वाटते, तर ऑफची."

तिच्याकडे गाइडमधला तक्ता होता. एका बाजूला विशेषणं, दुसऱ्या बाजूला प्रीपोझिशनं. तो तिला तोंडपाठ होता, वरून खाली म्हणायची, पण मधलंच एखादं विचारलं की पुन्हा वरपासून सुरू. मी म्हटलं, "ते ठेव तिकडे. ही मेथी घे निवडायला. काकांवर वाक्य कर. अफ्रेड."

"काका इज अफ्रेड..." तिने एक काडी मोडली. "ऑफ काकू."

हॉलमधून, वर्तमानपत्रामागून आवाज आला. "माझा आक्षेप नोंदवून घ्यावा."

"खोटं आहे का?" मी विचारलं.

"खोटं आहे असं म्हटलेलं नाही. आक्षेप आहे एवढंच म्हटलं."

अशी आमची शिकवणी सुरू झाली. तक्त्यातली एकेक जोडी काढायची आणि घरातल्या माणसांवर लावायची. काकू इज फॉन्ड ऑफ टॉकिंग. काका इज गुड अ‍ॅट स्लीपिंग. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या मिसेस शर्मांसारख्या बाहेरच्या कुणावरही लावू नकोस, म्हटलं, आपली चुका करायची जागा घरात आहे. हे मध्येच येऊन म्हणायचे, "मास्तरीणबाई, फायलीतलं इंग्रजी शिकवा तिला. त्यात विशेषणं नसतातच. मी इतकी वर्षं फायली लिहिल्या, एकाही फायलीत कुणी अफ्रेड नव्हतं आणि कुणी फॉन्डही नव्हतं."

"म्हणून तर फायली कुणी वाचत नाही," पोरगी म्हणाली. हे इतके खूश झाले की दोन दिवस तेच सांगत होते सगळ्यांना.

बोलताना ती पटापट शिकली. एक दिवस मी म्हटलं, "आता स्वतःवर कर. टायर्ड."

"आय अ‍ॅम टायर्ड ऑफ आन्सरिंग द फोन."

"कुणाचा फोन गं?"

"सगळ्यांचा. आत्या, मामी, शेजारच्या. काय मग कलेक्टरीणबाई, कधी येणार लाल दिव्याची गाडी? लाल दिवे बंद झाले हेसुद्धा त्यांना कुणी सांगितलं नाही."

"बरं. अशेम्ड."

"आय अ‍ॅम अशेम्ड ऑफ माय एज."

"अफ्रेड."

"आय अ‍ॅम अफ्रेड ऑफ गोइंग होम."

तिन्ही बरोबर. मी म्हटलं, "शाब्बास! आता ऑफ सोडून दुसरं काही घेऊ." मग बघते तर हे पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघत होते, आणि पोरगी मेथीच्या काड्या मोडत होती. निवडायच्या काड्या नव्हत्या, टाकलेल्याच.

पण खरी अडचण कागदावर होती. बोलताना ऑफ, अ‍ॅट, फॉर सगळं यायचं. पेन हातात घेतलं की विशेषणापर्यंत लिहायची आणि थांबायची. पुढे एवढीशी जागा मोकळी सोडून माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, "लिही गं. चुकलं तर चुकलं. पंचवीसच तर हवेत."

"त्या एकाच चुकीने चोवीस झाले तर?"

"एका चुकीने होत नाहीत."

"तुम्हाला काय माहीत काकू? चाळणीत मी अगदी थोडक्यात राहिलेय, आधी दोनदा."

ते मला खरंच माहीत नव्हतं. मी कुठे कधी परीक्षा दिली होती?

तिच्या खोलीच्या भिंती तोवर कागदांनी भरल्या होत्या. क्लासमध्ये उत्तर कसं लिहायचं ते घोटून घेतात. वर हेडिंग, खाली मुद्दे, मध्ये चौकट, बाण, आणि शेवटी 'पुढील दिशा'. परिच्छेद लिहिला तर मार्क जातात, तपासणाऱ्याला वेळ नसतो, दोन मिनिटांत त्याच्या डोळ्यांत भरलं पाहिजे. ही त्यांची पद्धत. पोरगी त्यात इतकी तयार झाली होती की वाण्याची यादीसुद्धा बाण काढून लिहायची. हे हसायचे. "पुढील दिशा: तूरडाळ," म्हणायचे.

परीक्षा सुरू झाली. तिचं सेंटर नोएडाला आलं होतं. द्वारकेहून मेट्रोची ब्लू लाइन थेट जाते, गाडी बदलावी लागत नाही, तेवढंच बरं. मी बरोबर येते म्हटलं तर म्हणाली, "तुम्ही तिथे बाहेर बसून काय करणार? घरीच थांबा, मला बरं वाटेल कुणी घरी आहे म्हणून." निबंधाचा पेपर झाला, सामान्य अध्ययनाचे झाले. रोज दमून यायची पण चेहरा ठीक असायचा. मग आला इंग्रजीचा. त्या संध्याकाळी दार उघडलं तर हसत उभी.

"काकू, सोपा होता!"

मला इतकं हायसं वाटलं की तिथेच दारात तिचा हात धरला. "प्रीपोझिशनं?"

"गाळलेल्या जागा होत्या, पाच-सहा तरी बरोबर आल्या. आणि बाकी तर मी गंमतच केली."

"कसली गंमत?"

"निबंधात वाक्यंच ठेवली नाहीत." ती बूट काढता काढता सांगत होती. "हेडिंग, सबहेडिंग, खाली मुद्दे. एक आकृतीसुद्धा काढली. वाक्य नाही तर चूक कुठून होणार? एका शब्दाचे, दोन शब्दांचे मुद्दे. प्रीपोझिशन लागतच नाही."

"आणि तो सारांश? उतारा लहान करून लिहायचा असतो तो?"

"तोही मुद्द्यांतच. आणि प्रश्नोत्तरंसुद्धा. वेळ उरला काकू, वेळ! माझा कधी वेळ उरलाय?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि गॅसपाशी उभी राहिले. मला व्याकरण पुढच्या पानांशिवाय येतं, पण एवढं कळतं की भाषेच्या पेपरात भाषाच बघतात. निबंध म्हणजे निबंध. उताऱ्याचा सारांश म्हणजे सलग लिहिलेला सारांश. तिने भाषा वगळून पेपर लिहिला होता. चुकायला नको म्हणून जिथे मार्क होते तेच काढून टाकलं होतं.

हे मागून आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"सांगू का तिला?" मी हळूच विचारलं.

"उद्या कुठला आहे?"

"मराठी साहित्याचे. सकाळी एक, दुपारी एक."

"मग होऊ देत ते."

"आणि नंतर?"

ह्यांनी फ्रिज उघडला, काही न घेता बंद केला. "कदाचित नसेल तसं," म्हणाले. ह्यांच्या तोंडून कदाचित मी फार क्वचित ऐकते. मी तिला आवडतं म्हणून थालीपीठ लावलं, लोणी वाढलं. तिने दोन खाल्ली आणि तिसरं अर्धं मागितलं.

दुसऱ्या दिवशी मराठीचे पेपर देऊन आली ती वेगळीच. मी तिला तशी कधी बघितली नव्हती. चहा गार झाला तरी बोलत होती. संतांवर एक प्रश्न होता, ग्रामीण कथेवर एक होता, तिने काय लिहिलं ते पहिल्यापासून सांगत होती. तिच्या आजीची जात्यावरची ओवी तिने उदाहरण म्हणून घातली होती. ती म्हणूनही दाखवली. "हात थांबतच नव्हता काकू. हेडिंग नाही, बाण नाही, काही नाही, नुसती लिहीत गेले. मला वाटलं, हे मी लिहितेय? शेवटचं पान भरलं तेव्हा वाईट वाटलं, संपलं म्हणून."

"जो वाचेल त्याला मजा येईल," हे म्हणाले, आणि उठून बाल्कनीत गेले.

थंडीत यादी लागली. तिचा नंबर नव्हता. तिला वाटलं, सामान्य अध्ययन कमी पडलं. इंग्रजीची माझी शंका मी पोटातच ठेवली. कसं बोलायचं? राज्याची परीक्षा दे म्हटलं तर म्हणाली, आता पुन्हा पहिल्यापासून नाही जमणार. घरी जाऊन ये म्हटलं तर म्हणाली, मार्क आल्यावर जाते, म्हणजे काय सांगायचं ते तरी कळेल. कोणत्या पेपराने घालवलं ते तिला बघायचं होतं. अच्छा, म्हटलं, राहा. मार्क लगेच मिळत नाहीत, सगळी निवड संपल्यावर नेटवर टाकतात. तोवर ती तशीच राहिली आमच्याकडे. भिंतीवरचे कागद काढले नाहीत आणि वाचलेही नाहीत. पंख्याने फडफडायचे.

मार्क आले ते कडक उन्हाळ्यात. कूलर चालू होता, हे झोपले होते. ती माझ्याशेजारी बसून फोनवर बघत होती. इंग्रजीसमोर आकडा होता, पाहिजे त्याच्या खाली. किती खाली ते मी लिहीत नाही. बाकीच्या पेपरांसमोर काहीच नव्हतं.

ती बराच वेळ बोट लावून वर-खाली करत होती. मग म्हणाली, "म्हणजे मराठीचा उघडलाच नाही कुणी?"

मी म्हटलं, "नियम तसा आहे गं."

"नियम माहितीये काकू. मी विचारतेय, उघडला नाही ना कुणी?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने काढला नाही आणि टेकलीही नाही. नुसती नापास झाली असती तर ते झेललं असतं पोरीने, तिला सवय होती. आपण चांगलं लिहिलं होतं की नाही, हे आता जन्मात कळणार नाही, हे तिला झेपत नव्हतं.

तिने आईला फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, कूलरमुळे असेल.

"आगं पन तू लिव्हले व्हते ना समदे पेपर?" आई विचारत होती.

"लिहिले होते."

"मंग?"

"तपासले नाहीत, आई."

"का बरं? त्यायला काय झालं?"

"मी इंग्रजीत नापास झाले. इंग्रजीत नापास झालं की बाकीचे बघत नाहीत."

"मंग इंग्रजीत नापास करा म्हनावं. मराठीनं काय गुन्हा केला?"

पोरीने फोन माझ्या हातात दिला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. हे एव्हाना उठून दारात उभे होते.

मी त्यांना समजावून सांगायला लागले. आधी एक दार असतं, ते उघडलं तरच पुढचं, वगैरे. माझं मलाच ऐकवत नव्हतं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"ताई, ते पेपर आता कुठं हायेत?"

"असतील. तिथेच, ऑफिसात."

"म्हंजे हायेत."

"आहेत... असतील."

"मंग तुम्ही दिल्लीतच ऱ्हाता की. सायबबी तुमचे सरकारी व्हते. जाऊन सांगा त्यायला. पास नगा करू म्हनावं. आमी काय मागत नाही. येकडाव नुसतं वाचून बघा, अन पोरीला सांगा कसं लिव्हलं ते."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खाली बघत होते.

"बघते," मी म्हटलं.

"कधी जाता?" त्यांनी विचारलं.